निवरी नदीवर गेली

मित्रांनो, मी एक जुना पाचवा भाग आहे. जुना म्हणजे वयाने. अंगाने म्हणाल तर आजही कोरा करकरीत आहे. माझा एकही कोपरा दुमडलेला नाही, पाठीची शिवण सैल झालेली नाही. कुणी पाहुणा वाचनालयात आला की आमचे ग्रंथपाल मला मुद्दाम कपाटातून काढतात आणि म्हणतात, "हे बघा, पुस्तक जपावं तर असं!" पाहुणे मान डोलावतात. मला मात्र अशा वेळी कपाटाच्या मागच्या फटीत जाऊन पडावंसं वाटतं. कारण मला कुणी जपलेलं नाही. मला टाकलेलं आहे. या दोन्हींतला फरक बघणाऱ्याला कळत नसेल, पण पुस्तकाला बरोबर कळतो.

'धुकेगड' नावाची अद्भुत कादंबऱ्यांची एक माला होती. तुमच्या आईवडिलांना विचारा, एखाद्याला आठवेल. त्यात एक राजा होता. तो लोकांचे आवाज चोरायचा, मडक्यांत भरायचा आणि मडक्यांची तोंडं लाखेने बंद करून कोठारात ठेवायचा. निवरी नावाच्या कुंभाराच्या मुलीच्या आईचा आवाज त्याने चोरला आणि तो परत आणायला निवरी घराबाहेर पडली. बस, एवढीच गोष्ट. पहिला भाग सुरू होतो तो असा: 'सकाळी निवरीच्या आईने हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाजच नाही.' पाहा, लहान पोरालाही कळेल असं वाक्य, आणि तरी पुढचं वाचल्याशिवाय राहवत नाही. माझी चारही थोरली भावंडं अशीच होती. चौथा भाग संपतो तेव्हा निवरी राजाच्या कोठारात पोचलेली आहे. आईचं मडकं समोर आहे आणि तिने झाकणावर हात ठेवला आहे. पुढचं पाचव्या भागात, म्हणजे माझ्यात.

आता माझा जन्म ऐका. चौथा भाग निघाल्यावर माझ्या लेखकांचा पुण्यात एका सभेत सत्कार झाला. त्यांचं नाव मी घेत नाही. ते माझ्या मुखपृष्ठावर माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेलं आहे, तेवढं पुरे. त्या सभेत एका वयस्कर समीक्षकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "छान लिहिता हो तुम्ही. आमची नातवंडं अगदी तुटून पडतात." बोलणाऱ्याने चांगल्या मनाने म्हटलं असेल, पण ऐकणाऱ्याला ते झोंबलं. नातवंडं तुटून पडतात, ही काय शिवी आहे? पण माझ्या लेखकांनी ती शिवी म्हणूनच घेतली. घरी येऊन त्यांनी जाडजूड शब्दकोश टेबलावर ओढला आणि मी कागदावर उतरू लागलो.

आधी त्यांनी लिहिलं होतं, 'निवरी नदीवर गेली.' शाई वाळायच्या आत त्यांनी ते खोडलं. मग जे लिहिलं त्याचा एक तुकडा ऐकवतो, नीट दम घेऊन ऐका: 'तमोघन निशीथाच्या अनिर्वचनीय गर्भातून उन्मीलित होणाऱ्या त्या सरितेच्या तरंगलेखांवर तिच्या अस्मितेची अस्फुट प्रतिबिंबे क्षणोक्षणी विलय पावत होती.' असं पानंच्या पानं. ते लिहायचे, मग आरशासमोर उभे राहून मोठ्याने वाचायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे. तीन वर्षं ते मला असे फुगवत राहिले.

तुम्ही म्हणाल, तू तर सोपं बोलतोस की. ही भाषा माझ्या पोटातली नाही, मित्रांनो. ती मी नंतर सांडोर नावाच्या गावात, एका घराच्या ओट्यावर ऐकून शिकलो. तिथपर्यंत मी कसा पोचलो ते सांगतो.

दोन हजार दोन साल असेल. माझे छापलेले फर्मे, म्हणजे घडी न घातलेले मोठाले कागद, सातिवलीच्या एका बाइंडिंगच्या गाळ्यात आले. तिथे आग्नेल नावाचा तरुण कामाला होता, राहणारा सांडोरचा. फर्म्यांच्या घड्या घालणं, शिवणं, पाठीला खळ लावणं, कडा कापणं, सगळं त्याच्या हातचं. पुस्तकं त्याने ढिगाने शिवली होती, पण स्वतः एकही वाचलं नव्हतं. माझं नाव दिसल्यावर मात्र त्याचा हात थांबला. त्याची धाकटी बहीण सालोमी 'धुकेगड'साठी वेडी होती. तीन वर्षं ती त्याला विचारत होती, "तुझ्याकडे पाचवा आला का रे?" त्याने मालकाला सांगून माझी एक प्रत घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि डब्याच्या पिशवीत घातली. दुकानात लागायच्या आधी मी सांडोरला पोचलो.

सालोमीने मला दोन्ही हातांनी घेतलं. आधी छातीशी धरलं, मग नाकाशी. "आये, आला! पाचवा आला!" असं ओरडत ती परसातून पुढच्या दारापर्यंत धावली. त्या संध्याकाळी माझ्याइतका सुखी भाग जगात दुसरा नसेल. ती संध्याकाळ मी अजून विसरलेलो नाही, कारण तशी दुसरी माझ्या वाट्याला आली नाही.

त्या घराचा एक शिरस्ता होता. मागे केळीची बाग, भाजीचे वाफे. दुपारचं जेवण उरकलं की सालोमीची आई लूर्डस ओट्यावर भाजीचे ढीग मांडायची. शेजारची यमुनाकाकी यायची, आणखी दोन-तीन बायका यायच्या आणि माठ-पालकाच्या जुड्या बांधायला बसायच्या. केळीच्या सुकलेल्या सोपटाची दोरी, दोन वेढे, गाठ, की झाली जुडी. पहाटे तो माल बाजारात जायचा. या कामात हात गुंतलेले आणि कान मोकळे असतात. म्हणून सालोमी शाळेत असल्यापासून त्यांना वाचून दाखवायची. 'धुकेगड'चे पहिले चार भाग तिने वाचनालयातून आणून याच ओट्यावर वाचले होते. आजही त्या भागांच्या पानांवर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत. तो चीक कधी जात नाही. मला त्या डागांचा हेवा वाटतो.

वाचताना सालोमीचा एक नियम होता. ती देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळी बायबलमधल्या शास्त्रपाठाचं वाचन करायची. फादरांनी तिला लहानपणीच बजावलं होतं की वाचायला उभी राहिलीस की आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि लिहिलेलं काही गाळायचं नाही. तिने तो नियम ओट्यावरही आणला. राजा असो, कुंभार असो, जे छापलंय ते आणि तेवढंच. चार भाग तसे वाचले तेव्हा काही बिघडलं नाही, कारण ती वाक्यं बोलण्यासारखीच होती. ती वाचायची आणि बायका आपसांत त्यावर भांडायच्याही.

आणि त्या बायकांत सर्वांत जास्त जीव अडकला होता यमुनाकाकीचा. ती खाडीकाठच्या एका शेतकरी घरातून लग्न होऊन इकडे आलेली. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तिची म्हातारी आई माहेरीच होती आणि लकवा आल्यापासून तिची वाचा गेली होती. काकी दर रविवारी आईकडे जायची. जाऊन बोलायचं काय? समोरून उत्तर येत नाही. म्हणून ती आठवडाभर ऐकलेली निवरीची गोष्ट आईला सांगायची. म्हातारी डोळे मोठे करून ऐकायची. चौथा भाग संपला आणि निवरीचा हात झाकणावरच राहिला, तेव्हापासून म्हातारी दर रविवारी लेकीचा हात धरून दाबायची. पुढे काय, असं विचारायची. तीन वर्षं काकी तिला एकच सांगत होती, "पुस्तक याचा हाय, आये. आला का सांगते."

तर अशा लोकांत मी येऊन पडलो.

पहिल्या दुपारी ओटा भरला होता. एरवी न येणाऱ्याही दोघी आल्या होत्या. सालोमीने केस नीट बांधले, मला मांडीवर घेतलं, घसा साफ केला आणि वाचायला लागली. पहिलंच वाक्य अर्धं पान चाललं. ते संपलं तेव्हा बायकांनी हात थांबवून वर पाहिलं. त्यांना वाटलं, ही प्रस्तावना असेल. सालोमी पुढे गेली. दुसरं वाक्य, तिसरं. उच्चारात चूक नाही, स्वल्पविराम सुटत नाही. निवरीने मडकं उचललं आणि पहारेकरी मागे लागले म्हणून ती पळाली, ही गोष्ट त्यात कुठेतरी होती, पण ती वाळूत पडलेल्या सुईसारखी शोधावी लागत होती. प्रकरण संपलं. दारात उभा असलेला आग्नेल हात जोडून मोठ्याने म्हणाला, "देवाला धन्यवाद!" देवळात वाचन संपल्यावर सगळे म्हणतात तसं. बायका खो-खो हसल्या. सालोमीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने आत गेला.

यमुनाकाकी हसली नव्हती. तिने हळूच विचारलं, "सालू, मडका फोडला का गं तिनं?"

"अजून नाही, काकी. पुढे येईल."

दुसऱ्या दिवशीही तिने तेच विचारलं, आणि तिसऱ्या दिवशीही. सालोमी तेच उत्तर देत राहिली, पण आवाज रोज थोडा उतरत गेला. ओट्यावर काय होत होतं ते मी मांडीवर पडून पाहत होतो. एकीला डुलकी लागायची. एक मध्येच उठून कपडे वाळले का ते बघायला जायची आणि परत यायचीच नाही. लूर्डसच्या जुड्या लहान-मोठ्या होऊ लागल्या. त्यातच आग्नेलने घरात केबल घेतलं. रात्रीच्या मालिका दुपारी पुन्हा दाखवायचे. खिडकी उघडी ठेवली की ओट्यावरून टीव्ही दिसायचा. सासू कट करते, सून रडते, सगळं लख्ख कळायचं. एका दुपारी वाचन चालू असताना आतून संगीत वाजलं आणि सगळ्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. सालोमीने वाचन थांबवलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून वाचत राहिली आणि तिचे डोळे भरले होते. मला इतका राग आला होता म्हणून सांगू! खिडकीचा नाही, टीव्हीचा नाही. मला माझाच राग आला होता, आणि ज्यांनी मला असं केलं त्यांचा.

लूर्डस शेवटी म्हणाली, "सालू, तू नुसतं सांग ना गो. आपल्या बोलीत सांग. वाचायला कशाला पाहिजे?"

"नाही, आये. लिहिलंय ते बदलायचं नसतं."

"पण हे काय बायबल आहे? गोष्टच आहे ना?"

सालोमीने पानावरचं बोट काढलं नाही. मग यमुनाकाकी म्हणाली, "पोरी, परवा आईतवार हाय. आयला मी काय सांगू? ती हात धरून बसते नुसती."

यावर सालोमीचा नियम मोडला. तिने सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि पुढचं आख्खं प्रकरण मनातल्या मनात वाचून काढलं. पानं उलटत होती आणि बायका वाट बघत होत्या. एकीने तर खिडकी लावून घेतली. प्रकरण संपवून सालोमीने मान वर केली, तोंड उघडलं आणि आपल्या बोलीत एक वाक्य सांगितलं. त्यांची बोली माझ्या पानांत कुठेच नाही, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. ती म्हणाली, "निवरी नदीवर गेली."

"मंग?" यमुनाकाकीने विचारलं.

"एवढंच."

"यवढी पाना वाचली ती? आनि एवढाच?"

सालोमीने परत चार पानं मागे-पुढे केली. काही सुटलं असेल तर बघावं म्हणून. "एवढंच आहे, काकी," ती म्हणाली. बायका पुन्हा हसल्या, लूर्डसही हसली, आणि सालोमीचे कान लाल झाले. मी मात्र आतून हादरलो होतो. लेखकांनी शाई वाळायच्या आत खोडलेलं ते वाक्य या मुलीने जसंच्या तसं परत काढलं होतं.

तुम्हाला वाटेल, तिने मला त्याच दिवशी टाकलं. नाही. ती इतक्या सहज सोडणाऱ्यांतली नव्हती. नऊ वर्षांची असल्यापासून जिने निवरीवर जीव टाकला, तिला वाटलं की चूक आपलीच आहे. "आपली बारावीच झालीय ना. आपल्यालाच कळत नसेल," असं ती आग्नेलला म्हणाली. तिने वाचनालयातून शब्दकोश आणला आणि माझ्या एकेका शब्दाचा अर्थ काढत बसली. तिने मला शब्दकोशाच्या शेजारी ठेवलं तेव्हा माझी जी फजिती झाली, ती सांगता येत नाही. ज्या गोष्टीच्या पहिल्या भागाने तिला वाचायला शिकवलं, त्याच गोष्टीचा पाचवा भाग तिला सांगत होता की तुला वाचता येत नाही.

त्याच महिन्यात गावच्या वाचनालयाचा वर्धापनदिन आला. पाहुणे म्हणून माझ्या लेखकांनाच बोलावलं होतं. कार्यक्रम रविवारी दुपारी, देवळाच्या हॉलमध्ये. नव्या पुस्तकातला एखादा उतारा कुणीतरी वाचावा असं ठरलं आणि वाचणारं दुसरं कोण असणार? सालोमी मला घेऊन मंचावर गेली. तिने नदीचंच प्रकरण काढलं. खोडसाळपणाने नाही, मित्रांनो. तिला खरोखर वाटत होतं की लेखकांच्या समोर वाचलं तर ते काहीतरी उलगडून सांगतील.

तिने फार सुंदर वाचलं. एकही शब्द अडखळला नाही. लेखक डोळे मिटून, बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरून स्वतःलाच ऐकत होते. टाळ्या पडल्या. ते उठले, माईक हातात घेतला आणि पुढच्या रांगेतल्या यमुनाकाकीला हसून म्हणाले, "काय बाई, कसं वाटलं?"

काकी उभी राहिली. पदर सारखा केला. "आवाज बेस हाय पोरीचा."

"आणि गोष्ट?"

"गोष्ट आता सांगनार ना तुम्ही?" काकीने अगदी सरळ मनाने विचारलं.

हॉल हसला. लेखकही हसले, पण त्यांच्या मानेवरची शीर ताठ झाली. ते म्हणाले, "गोष्ट मुलांसाठी असते, बाई. हे लेखन गोष्टीच्या पलीकडे गेलेलं आहे. वाचकाने थोडं वर चढून यावं लागतं."

सालोमी अजून मंचावरच होती. तिने विचारलं, "सर, एक विचारू? मडकं फुटतं का?"

"मडकं?" ते तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मोठी दया होती. "अहो, मडकं हे प्रतीक आहे."

"आमच्यासाठी ते मडकंच होतं, सर," सालोमी म्हणाली. "तिच्या आईचा आवाज होता त्यात."

चहा आला होता. त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं, पहिल्या पानावर लांबलचक सही ठोकली, वर 'सुजाण वाचक कु. सालोमी हिस' असं लिहिलं आणि परत दिलं. मला त्यांचा हात लागला तो तेवढाच. मी कसा आहे, कुठे दुखतंय, कुठल्या पानाशी लोक झोपतात, काही विचारलं नाही. बाप म्हणून एवढं तरी विचारायला हवं होतं.

परत येताना सालोमी आणि यमुनाकाकी केळीच्या बागांमधल्या अरुंद वाटेने चालल्या होत्या. मी सालोमीच्या काखेत होतो. काकीला तिथूनच पुढे आईकडे जायचं होतं, पिशवीत तिने आईसाठी केळी घेतली होती. मग काकी म्हणाली, "जाऊ दे गं. आयला सांगते, पुस्तक फाटला म्हनून. पुढची पाना गेली."

सालोमी थांबली. तिने मला काखेतून काढलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उघडलं नाही. फादरांनी शिकवलेला नियम तिने त्या वाटेवर दुसऱ्यांदा मोडला. या वेळी तर तिने छापलेलं एक अक्षरही न बघता सांगितलं.

"काकी, मडकं फुटलं."

काकीने पिशवी खाली ठेवली. "फुटला? कसा?"

"निवरी नदीवर गेली. पाण्यात उतरली. मडकं पाण्यात धरलं, पण लाख सुटेना. मागून पहारेकरी आले. मग तिने ते दगडावर आपटलं."

"आनि आवाज?"

"आवाज बाहेर आला."

"काय बोलला पयला?"

सालोमीला हे अजून सुचलेलं नव्हतं. ती जरा वेळ केळीच्या पानांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणाला, निवरे, जेवलीस का?"

यमुनाकाकीने तोंडाला पदर लावला. ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही. "माझी आय असाच इचारायची," ती म्हणाली आणि पिशवी उचलून झपाझप खाडीच्या वाटेला लागली. आता तिच्याकडे आईला सांगण्यासारखं काही होतं.

मित्रांनो, खरं काय ते मला ठाऊक आहे. माझ्या शेवटच्या पानांत ते लिहिलेलं आहे. तिथे मडकं फुटत नाही. निवरी ते हातात धरून क्षितिजाकडे पाहत उभी राहते आणि मौनाविषयी बरंच काही लिहिलेलं येतं. ते पान आजपर्यंत कुणी उघडलेलं नाही आणि कुणी न उघडो. त्या दिवशी माझा केवढा अपमान झाला, आणि तरी त्या वाटेवर मी मनात म्हणत होतो, सांग सालोमी, सांग, असंच व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला वाचनालयात आणून दिलं. ग्रंथपाल म्हणाले, "अगं, सही आहे यावर! ठेव की घरी."

"नको," ती म्हणाली. "मी सोडली ती माला."

एवढंच बोलली. रागाने फेकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने मला पुसलं, चार भावंडांच्या शेजारी नीट उभं केलं आणि कपाटाचं दार हलक्या हाताने लावलं. जे आवडत होतं ते संपलं हे माहीत असलेली माणसं असं दार लावतात. ओट्यावरचं वाचनही मग बंद पडलं असं आग्नेलच्या बोलण्यातून कळलं. तो वाचनालयातली फाटकी पुस्तकं शिवायला कधीमधी यायचा. भावंडांना त्याने दोनदा शिवलं. माझ्याकडे बघून म्हणायचा, "तुला काय रे धाड भरलीय?"

असं करता करता पंधरा-सोळा वर्षं गेली. सालोमी आता शाळेत शिकवते. परवा ती आली तेव्हा तिच्याबरोबर यमुनाकाकीची नात पिंकी होती. पोरीने नुकतंच सलग वाचायला घेतलं होतं. सालोमीने पहिला भाग काढून तिच्या हातात दिला. पिंकीने तिथेच पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "आवाज कुठे गेला मग?" सालोमी हसली. इतक्या वर्षांनी ते हसू मी पाहिलं आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

मग पोरीची नजर माझ्यावर गेली. साहजिक आहे, रांगेत सर्वांत चकचकीत मीच. तिने मला ओढून काढलं. मित्रांनो, लहान हात होते, जरा ओलसर. माझं कव्हर उघडलं गेलं. मला वाटलं, एखादं पान दुमडेल, एखादा डाग पडेल.

"टीचर, हा पण घेऊ?"

सालोमीने मला तिच्या हातातून हळूच काढून घेतलं आणि जागेवर ठेवलं. "तो नाही. निवरीचे चारच आहेत."

"मग यावर तेच नाव कसं?"

"नाव तेच आहे," सालोमी म्हणाली. "पुस्तक दुसऱ्याच कुणाचं तरी आहे."

पिंकीला ते लगेच पटलं. ती पहिला भाग छातीशी धरून निघून गेली.

अशा आत्मवृत्ताच्या शेवटी पुस्तकाने हात जोडून सांगायचं असतं की आम्हाला फाडू नका, आमच्यावर रेघोट्या ओढू नका, आम्हाला कव्हर घाला. मी ते सांगणार नाही. फाडा, डाग पाडा, चिकाच्या हातांनी धरा, पण वाचा. आणि तुमच्यापैकी कुणी उद्या लिहायला बसलं, तर माझी एक विनंती आहे. तुमच्या पुढच्या वाक्याची कुणीतरी वाट बघत असतं. ते शिकलेलं नसेल, पण म्हणून खाली बसलेलं नसतं. त्याला वर चढून यायला सांगू नका. त्याचं हातातलं काम चालू असतं.

माझ्या उजव्या हाताला आता सहावा भाग उभा आहे. प्रकाशकांनी भेट म्हणून पाठवला. तो माझ्याहून जाड आहे आणि त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. कपाटाचं दार वाजलं की तो ताठ उभा राहतो आणि मला विचारतो, वाचक आले का?